हाताला लागलेली म्हैस

उद्योजकता प्रशिक्षणाच्या अर्जात एकूण तेवीस रकाने होते. त्यातले बावीस मी पहिल्या दिवशी दुपारच्या चहाच्या आत भरले. तेविसावा राहिला. त्याच्यावर छापलं होतं, ‘व्यवसायामागचा तुमचा उद्देश’.

सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. रकाना रिकामा सोडायची सवय नाही. मी तिथं ‘उत्पन्न’ असं लिहिलं. शिकवायला आलेली मुलगी माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची होती. तिनं अर्ज वाचला आणि पेनाच्या टोपणानं त्या शब्दाखाली हळूच दोनदा वाजवलं.

“काका, हे कारण झालं. उद्देश म्हणजे, सकाळी तुम्ही कशासाठी उठणार?”

“मी साडेचारला उठतोच.”

वर्ग हसला. तीही हसली. “घरी जाऊन शांतपणे विचार करा,” ती म्हणाली. “शेवटच्या दिवशी लिहा.”

मी ‘उत्पन्न’ खोडलं. सात दिवस विचार केला, म्हणजे रोज अर्धा तास ठरवून वही घेऊन बसलो. काही आलं नाही. शेवटच्या दिवशी अर्ज तसाच दिला. ती म्हणाली, नंतर भरू, ऑनलाइन टाकताना विचारते. तो रिकामा रकाना घेऊन मी शिवाजी पेठेतल्या घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो.

काम काय करायचं हे मात्र ठरलेलं होतं. गिरणी बंद पडल्यावर घरात सगळ्यांनी मला काही ना काही सुचवलं होतं. मी वीस पर्याय लिहिले, त्यातले एकोणीस खोडले. राहिला तो कट्टा. गिरणीतून इचलकरंजीच्या बसनं परत आलो की घराआधी मी दूध कट्ट्यावर उतरायचो. गवळी म्हैस उभी करतो, तुमच्या देखत ग्लासात धार काढतो, तुम्ही उभ्या उभ्या पिता, ओठावरचा फेस पुसता आणि जाता. सव्वीस वर्षं मी सूत गुंडाळलेले कोन मोजून ट्रकमध्ये चढवले. ते मागावर जायचे, त्यांचं कापड व्हायचं, ते कोण नेसायचं, कोण अंथरायचं, मला कधी दिसलं नाही. कट्ट्यावर सगळं डोळ्यांसमोर संपत होतं. मला ते आवडत होतं. ‘आवडतं’ हे अर्जात लिहिण्यासारखं वाटलं नाही.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “काय वो, म्हशीला पण यादी वाचून दाखवणार काय?”

मी महिनाभर पहाटे चुलत भावाच्या गोठ्यावर जाऊन धार काढायला शिकलो. लहानपणी मामाकडं शिकलोच होतो, हात लवकर बसला. चुलत भावाचा आमच्या गल्लीमागचा एक जुना गोठा मोकळा होता, तो झाडून, चुना लावून घेतला. पाणी, दिवा, निचरा, वैरणीची जागा, सगळं झालं. मग म्हैस बघायला निघालो. बघताना काय काय तपासायचं याची यादी चौतीस कलमांची होती.

म्हैस मिळाली हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात. घरात दोघंच, म्हातारा आणि म्हातारी. म्हातारा अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मी वही उघडून एकेक विचारत गेलो. वेत दुसरं. दात बरोबर. कास लहान, पण चारी सड सारखे. खोड नाही. म्हातारा आधी नीट उत्तरं देत होता. पंधराव्या कलमानंतर म्हणाला, “पावणं, म्हस घ्यायला आलाय का जनगणनेला?”

“मामा, एकदाच त्रास. रेडकू कुठं आहे?”

“गेलं. आठ दिवसांचं हुतं. पण म्हस हाताला लागलीया. रेडकाची गरज न्हाई.”

एकोणिसाव्या कलमासमोर मी लिहिलं, ‘रेडकू नाही. हाताला लागलेली.’ आणि खूण केली. रेडकू गेलेली म्हैस पान्हा चोरते हे मला माहीत होतं. अशी म्हैस माणसाच्या हाताला लागली, त्या हाताची तिला सवय झाली की ती रेडकाशिवाय दूध देते हेही माहीत होतं. कुणाच्या हाताला, हा प्रश्न चौतीस कलमांत नव्हता.

तेवढ्यात म्हातारी धार काढायला बसली. मी दूध मोजलं, वास घेतला, फेस बघितला. तिच्या उजव्या मनगटावर गुंडाळलेली पट्टी मला दिसली. ती जास्त करून डाव्या हातानं काढत होती आणि मधेमधे म्हशीला काहीतरी सांगत होती. ते मी बघितलं, पण लिहिलं नाही.

“मनगट मोडलंय हिचं,” म्हातारा म्हणाला. “जुळलं, पण जोर न्हाई. पोरगा म्हणतो, बास झालं आता.”

म्हैस नेताना मी नवं दावं घेऊन गेलो होतो, कलम एकतीस. आमच्याकडं विकलेल्या जनावराबरोबर घरचं दावं देत नाहीत. गोठ्याची बरकत त्याच्याबरोबर जाते म्हणतात. म्हातारीनं जुनं दावं सोडलं, माझं बांधलं, आणि जुनं हातात गुंडाळून घरात गेली. टेम्पो निघाला तरी बाहेर आली नाही. मला वाटलं, आत काही काम असेल.

वहीत मी नोंद केली, ‘म्हैस क्र. १’. दोन आणि तीन दिवाळीपर्यंत येणार होत्या.

पहिल्या संध्याकाळी बायको मोबाइल घेऊन गोठ्यात उभी राहिली. पहिल्या धारेचा व्हिडिओ मुलींना पाठवायचा होता. मी कास धुतली, पुसली, चरवी गुडघ्यात धरली आणि बसलो. चार थेंब आले. मग काही नाही. सड मऊ, कास भरलेली, आणि हातात काही नाही. मी पाच मिनिटं थांबून पुन्हा बसलो, मग पुन्हा. म्हैस दाराकडं बघत उभी होती. तिनं लाथ मारली असती तर मला बरं वाटलं असतं. लाथेवर उपाय असतो. ती नुसती उभी होती, जणू मी तिथं नव्हतोच.

“बंद करू का?” बायकोनं विचारलं. ती मोबाइलबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कास बघितली, ताप बघितला. “आजारी नाही,” ते म्हणाले. “घर सुटलंय. आधी रेडकू गेलं, आता घर. दूध आहे, ती सोडत नाही.”

“किती दिवस?”

“तिला विचारा.”

कट्ट्यावरच्या एका जुन्या गवळ्याला भेटलो. तीस वर्षं तो त्याच जागी म्हशी उभ्या करतोय. त्याच्या शेजारची जागा मला मिळणार होती. त्यानं ऐकून घेतलं. शेजारी उभ्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं, सुई मारा, लगेच सोडती. गवळ्यानं त्याच्याकडं असं बघितलं की तो ग्लास ठेवून गेला. सुई माझ्याही यादीत ‘कधीही नाही’ या सदरात होती, आणि डॉक्टरांनीही आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. गूळ-बाजरीची आंबोण दिली. कोमट पाण्यानं कास शेकली. गोठ्यात अंधार केला, उजेड केला. रेडकासारखा दिसेल असा पेंढा भरलेला बोचका पुढं ठेवला, तो तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं. अकरा उपाय झाले. अकरांसमोर फुल्या.

यंत्र बिघडलं तर काय करायचं, हे मला माहीत होतं. गिरणीत बेल्ट तुटला की मी दहा मिनिटांत नवा काढून द्यायचो, कुठल्या रॅकवर कुठला आहे हे डोळे मिटून सांगायचो. इथं काही तुटलेलं नव्हतं. सगळं जागेवर होतं आणि काही चालत नव्हतं. दोन-चार दिवस धार निघाली नाही तर म्हैस आटते, मग पुढच्या वेतापर्यंत काही नाही. माझ्याकडं एकच म्हैस होती. आणि दर बारा तासांनी मी तिच्याजवळ बसत होतो आणि रिकामा उठत होतो.

शेवटी गवळ्यानं विचारलं, “तिथं धार कोण काढायचं? म्हातारा का म्हातारी?”

“म्हातारी.”

“मग असं सांगा की.” त्यानं कपाळावर हात मारला. “तिचं नेसतं लुगडं आणा. अंगावर घेऊन बसा. धुतल्यालं नको.”

“मी? लुगडं?”

“म्हस तुमची हाय. मी नेसू काय?”

मी हातकणंगल्याला गेलो. म्हातारा दारातच होता. माझं ऐकून तो आधी खाली बघत राहिला. “सांगायला पायजे हुतं,” तो म्हणाला. “तुम्ही इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही समदं इचारलं, त्येवढंच न्हाई इचारलं.”

म्हातारी आतून जुनं हिरवं नऊवारी घेऊन आली. घडी न घालता तसंच माझ्या हातात दिलं. “काय खाती?” तिनं विचारलं.

मी वही काढली. “सकाळी पेंड दोन किलो, सरकी एक—”

“वाचू नगा. सांगा. खाती का न्हाई?”

मला सांगता आलं नाही. मी घातलेलं लिहिलं होतं. उरलेलं लिहिलं नव्हतं.

“निम्मं ठेवती,” मी अंदाजानं म्हणालो, आणि तिनं मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होतं.

त्या संध्याकाळी ते लुगडं डोक्यावरून घेऊन, पदर तोंडाशी धरून मी बसलो. शेणाचा, धुराचा, म्हातारीच्या अंगाचा वास. म्हशीनं मान वळवली. हुंगलं. आणि कासेत काहीतरी उतरलं, ते मला बोटांना कळलं. पहिली धार चरवीच्या तळाला वाजली तेव्हा बायकोनं व्हिडिओ काढला. तो मुलींना पाठवू नको अशी मी विनंती केली. तिनं पाठवला.

दुसऱ्या दिवसापासून कट्टा. म्हशीला घेऊन साडेपाचला उभा राहिलो. बारा ग्लास ओळीनं लावले. आणि लुगडं घेतलं. कट्ट्यावर संध्याकाळी तालमीतली पोरं येतात, म्हातारे येतात, फिरून आलेली माणसं येतात. सगळी माझ्याकडं बघायला लागली. मग एक जण म्हणाला, “वहिनी, हळदीकुंकू कवा हाय?”

“मावशी, वाण काय देणार?”

“गप्प बसा,” जुना गवळी म्हणाला. “त्यांच्या सासरची रीत हाय ती.”

मी पदराआडून धार काढत होतो. कान तापले होते. पण ग्लास भरत होते. एक पेन्शनर रोज दोन ग्लास घ्यायला लागले. आठवडाभर असं चाललं. माझं हसू झालं तरी चालत होतं, कारण दूध येत होतं. या माणसांना मी समोर बघत होतो, फेस पुसताना. वाटलं, तो रकाना आता भरता येईल.

मग रविवार आला.

माझी स्वच्छतेची यादी गोठ्याच्या भिंतीवर लावलेली आहे. ‘दर रविवारी: धारेची फडकी, टॉवेल, धार काढताना अंगावरचे कपडे. गरम पाणी, सोडा.’ ती मीच केली, म्हैस यायच्या आधी. रविवारी सकाळी मी सगळं एका बादलीत घातलं, उकळतं पाणी ओतलं, सोडा टाकला, घासून वाळत घातलं आणि खूण केली. खूण केल्यावर दोरीवर हिरवं काहीतरी हललं आणि मी बघितलं.

बायको गच्चीवर आली. तिनं दोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“धुतलं?”

“यादीत होतं.”

मग खाली निघून गेली. ती बोलली असती तर चाललं असतं.

रविवारी संध्याकाळी म्हशीनं लुगडं हुंगलं आणि दाराकडं बघायला लागली. पहिल्या दिवसासारखी. सोमवारी दोन्ही वेळा काही नाही. कट्ट्यावर मी बारा ग्लास लावून बसलो. पेन्शनर आले, दहा मिनिटं थांबले, माझ्याकडं न बघता शेजारच्या म्हशीखालचा ग्लास घेऊन प्याले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं मला फार वाईट वाटलं. कुणी थट्टा केली नाही. थट्टा होती तोवर ठीक होतं, हे मला तेव्हा कळलं.

मंगळवारी सकाळी कास सैल लागली. आटायला सुरुवात झाली होती. जुना गवळी हात लावून म्हणाला, “आज काढलं तर काढलं.”

मी पुन्हा हातकणंगले. काय म्हणायचं हे बसमध्ये लिहून काढलं होतं, पण दारात गेल्यावर वही काढली नाही. “मावशी,” मी म्हणालो, “मी लुगडं धुतलं.”

म्हातारी बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं.

“दूध न्हाई त्याला किती दीस झालं?”

“दोन. आज तिसरा.”

“इकल्या जनावराच्या मागं जायचं नसतंय,” म्हातारा खुर्चीवरून म्हणाला. तो तिला सांगत होता, मला नाही. खुंटीला जुनं दावं तसंच टांगलेलं होतं.

“म्हशीच्या मागं कोण चाललंय?” म्हातारी आत जाता जाता म्हणाली. “अंबाबाईला किती दीस झालं गेलो न्हाई मी. पावणं चाललेच हायत, जातो त्यांच्यासंगं.”

तिनं पिशवीत दोन लुगडी भरली तेव्हा म्हातारा म्हणाला, “अंबाबाईला दोन लुगडी लागत्यात व्हय?”

“एक देवीला,” ती म्हणाली.

बसमधून उतरून आम्ही सरळ गोठ्यात गेलो, देवीला नंतर. म्हशीनं तिला दारातच ओळखलं. ओरडली नाही, काही नाही. कान पुढं केले आणि दीर्घ श्वास सोडला. म्हातारीनं तिच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, “बाय, वाळलीस की गं.” मी म्हशीला आजवर कशानंच हाक मारली नव्हती. माझ्याकडं ती क्रमांक एक होती.

म्हातारी खाली बसली, सड धरला, आणि लगेच सोडला. मनगटात जोर नव्हता. दहा-बारा दिवसांत सवय मोडली होती, दुखत होतं. मग ती म्हशीच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली, एक हात तिच्या कपाळावर, आणि मला म्हणाली, “काढा आता.” ती बोलत राहिली आणि मी काढत राहिलो. दूध आलं. थोडं, पण आलं.

चार दिवस ती आमच्याकडं राहिली. बायकोचं आणि तिचं पहिल्या संध्याकाळीच जमलं. दोघी माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलायच्या.

“घरात पण असंच लिहीत बसतात व्हय?”

“आमच्या लग्नाची पण यादी असंल वहीत. मी कितव्या नंबरला हाय इचारलं न्हाई अजून.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हातारीनं मला विचारलं, “तुम्ही हिच्याशी बोलता काय वो?”

“काय बोलायचं?”

“मी काय बोलत हुतो? आमटीत मीठ जास्त पडलं. सुनंनं फोन उचलला न्हाई. आज ऊन लई हाय. असलंच.”

मी म्हशीखाली बसलो आणि बोलायचा प्रयत्न केला. काही सुचेना. माणसांशीही मी असं कधी बोललो नाही. कामापुरतं बोलतो, बाकी लिहितो. म्हैस थांबली होती. धार बारीक झाली. म्हातारी गप्प उभी, मुद्दाम. दारात बायको. मला घाम आला. शेवटी मी एका हातानं खिशातली वही काढून मांडीवर उघडी ठेवली आणि उद्याची यादी वाचायला लागलो. “उद्या. सरकी एक पोतं. गोठ्याचा दिवा बदलणे. मीटर रीडिंग. थोरलीला फोन. रेशनचा केवायसी.”

बायको हसता हसता वैरणीवर बसली. पण म्हातारी हसली नाही.

“वाचा की,” ती म्हणाली. “तिला काय त्यातलं कळतंय? आवाज कळतोय.”

मी वाचत राहिलो. उद्याची झाली, मग परवाची, मग जुनी पानं. म्हातारी रोज थोडी मागं सरकायची. पहिल्या दिवशी कपाळाशी, मग खांद्याशी, मग दाराशी. चौथ्या संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर होतो. ती शेजारच्या ओट्यावर बसली होती, पिशवी मांडीवर. मी लुगड्याशिवायच, डोकं म्हशीच्या कुशीला टेकवून काढत होतो, वाचत होतो, धार चालू होती. मधेच मागं पिशवीचा आवाज आला. ती उठली हे मला कळलं. बायको तिला स्टँडवर सोडायला जाणार होती तेही माहीत होतं. पण मान वळवता येईना. आवाज थांबला असता तर धार थांबली असती. मी वाचत राहिलो, ‘पत्रा ठोकणे, खिळे पाव किलो’, आणि माझ्या मागून ती गेली. निरोप घेतला नाही, मी दिला नाही. चरवी निम्मी भरली तेव्हा वळून बघितलं, ओटा रिकामा होता.

म्हैस आटली नाही. आधीच्या मोजमापाइतकं दूध तिनं पुन्हा कधी दिलं नाही. सात-आठ ग्लास होतात. कधी पाच. काही दिवशी मी सगळं तेच करतो, त्याच वेळी, त्याच आवाजात, आणि ती देत नाही. का, ते मला सांगता येत नाही. अशा दिवशी मी ग्लास उलटे ठेवतो आणि बसतो. पेन्शनर शेजारी बसतात.

क्रमांक दोन अजून आलेली नाही. मला एक म्हैस कळत नाही, दोन कशा घेऊ?

मागच्या महिन्यात साताऱ्याला भाचीचं लग्न होतं. घरचं लग्न, जायलाच हवं. बायकोनं एक दिवस आधी सराव केला. माझा घामाचा शर्ट घातला, माझी वही घेतली आणि बसून माझ्यासारखी वाचायला लागली, अगदी माझ्या आवाजाची नक्कल करून. कट्ट्यावर इतकं हसणं मी ऐकलं नव्हतं. म्हशीनं तिला पूर्ण ऐकून घेतलं आणि एक थेंब दिला नाही. मी लांब, कट्ट्याच्या टोकाला लपून उभा होतो. म्हैस माझ्या दिशेनं बघत होती.

लग्नाला बायको एकटी गेली. परवा ताप होता, तरी पाचला उठून बसलो. कधीतरी माझंही मनगट मोडेल, गुडघा जाईल, आणि कुणीतरी वही घेऊन माझ्या दारात येईल, हाताला लागलेली आहे का विचारेल. मी त्याला काय सांगणार? ‘कुणाच्या?’ हे कलम मी आता यादीत पस्तिसावं घातलं आहे. त्याचं उत्तर मी आहे, आणि त्यावर माझ्याकडं उपाय नाही.

काल संध्याकाळी प्रशिक्षणातल्या मुलीचा फोन आला. “काका, तुमचा अर्ज ऑनलाइन अडकलाय. तो शेवटचा रकाना रिकामा असला की पुढचं पान उघडत नाही. काय लिहू?”

मी वहीतलं पस्तिसावं कलम बघितलं. मग म्हणालो, “लिही, म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला लागत नाही.”

“काका, ही अडचण झाली. अडचणींचा रकाना वेगळा आहे, पुढच्या पानावर.”

“मग दोन्हीकडं तेच लिही,” मी म्हणालो. पाच वाजून गेले होते. कास धुवायचं पाणी अजून तापायचं होतं.